चोरलेला पिलिया

नेकनूर
१२ एप्रिल

चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद.

तू मला वळखलंच असशील. नऊ दिवसांमागं तुला बघायला धारूरला चार माणसं आलती, त्यातली हिरव्या साडीतली ती मी, हनुमानची आई छबुबाई. हे पत्र तुला सुग्रीव आणून देईल. तो नेकनूर-धारूर गाडीवर कंडक्टर हाय आन माझ्या माहेरचा हाय, त्याच्या पोटात गोष्ट राहती. फोन काहून केला न्हाई म्हनशील, तर आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो. आमचे सभापती (पंचायत समितीचं पद जाऊन आठ वर्षं झाली, पण हाक तीच हाय) कुणाचा बी फोन आला की स्पीकर लावतात आन मधी बोलतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर मला गावात फिरायची सोय राहायची न्हाई.

तर आईक. मी तुमच्या घरी चोरी केली.

तुमच्या वट्ट्यावर, पाण्याच्या टाकीआड, तेलाच्या डब्यात एक रोप व्हतं. हिरव्या पानावर चांदीचे पट्टे. आत पोहे चाललेले, आमचे सभापती त्यांच्या काळात झालेले रस्ते एकेक करून सांगायलेले, मी हात धुवायला म्हनून बाहीर आले आन माझी नजर तिथंच बसली. मागितलं असतं तर तुझ्या आईनं अख्खा डबा उचलून दिला असता, हे मला कळतंय. पण मागून नेलेलं रोप लागत न्हाई, चोरून नेलेलंच लागतं, असं माझी आई म्हनायची. तिनं सगळं परसदार असंच उभं केलतं. मग काय, मोडली काडी, गुंडाळली पदरात, आन आत येऊन लई सोज्वळ तोंड करून बसले.

आता नऊ दिवस झाले. तुमच्याकडून हो बी न्हाई आन न्हाई बी न्हाई. आमचे सभापती म्हनतात, मुलीकडचे भाव खायलेत. मला म्हाईत हाय खरं काय ते. तू मला बघितलंस. सभापतीची बायको लोकांच्या घरी जाऊन झाडं मोडती, असल्या घरात कोण नांदायला येईल?

हनुमान काय बोलत न्हाई. तो तसा बी बोलत न्हाई. पण तुला बघून आल्यापासून दूध डेअरीवरून येताना दोनदा स्वतःचं घर सोडून पुढं गेलाय. एकदा तर पार मारुतीच्या पारापर्यंत गेला आन मग गाडी वळवली. माझ्या चोरीची शिक्षा त्या लेकराला देऊ नगं, एवढंच सांगायचं व्हतं. काडी परत पाठवायची असंल तर सुग्रीवजवळ देते.

तुझी
छबुबाई

•

धारूर
१५ एप्रिल

ती. छबुबाई मावशींना नमस्कार.

मी रोज बाजारात स्टँडसमोर रोपं विकायला बसते. सुग्रीव मामांनी तुमचं पत्र असं चारी बाजूला बघून माझ्या हातात दिलं की शेजारच्या भेंडीवाल्या मावशीला वाटलं, यांचं काहीतरी काळंबेरं चाललंय. आता ती दर गाडीला माझ्याकडं बघून खाकरते.

होय, मी बघितलं. चहात साखर घालत होते आणि समोरच खिडकी. हसू दाबता दाबता साखर दोनदा पडली की तीनदा, देव जाणे. सुंदरराव काकांनी, म्हणजे तुमच्या सभापतींनी, चहाची एवढी तारीफ केली, ती खरं तर तुमचीच कमाई.

काडी परत पाठवू नका. त्या रोपाचं नाव पिलिया. आमच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी मला पहिला दिला. अंगाला लागलं की भडका उठतो, अशा आग लावणाऱ्या झाडांच्या खानदानातला हा, पण कुणाला चावत नाही. सहाशेच्या वर जाती आहेत म्हणे याच्या, दमट रानात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणाऱ्या. माझ्याकडं नऊ आहेत. त्यातला एक तर लई खट्याळ, फुलावर आला की पाण्याचा शिपका मारायचा अवकाश, फटाफट पिवळसर धुरळा उडवतो. या सगळ्यांना ऊन मात्र सोसत नाही.

आता उशिराचं कारण. चोरी नव्हे. तुमच्या आधी सहा घरची माणसं येऊन गेली. कुणी चालायला लावलं, कुणी सुईत दोरा ओवायला लावला, एका आजोबांनी पेपर वाचून घेतला आणि मधेच झोपले. तुमच्याकडून कुणी असलं काही केलं नाही. पण काकांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की पानं पडून घाण होते म्हणून दारातला कडुलिंब तोडला आणि सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवले. तिथंच माझं अडलं. सावलीच नाही त्या घरात मी आणि माझे चाळीस डबे काय करणार? बजरंग नाना, म्हणजे माझे वडील, रोज विचारतात. मी रोज म्हणते, उद्या सांगते.

मावशी, तुमची काडी जगवून दाखवा. मृग निघेपर्यंत. ती तुमच्या घरात जगली तर मीही जगेन, मी हो म्हणेन. दर आठवड्याला कागदावर पान ठेवून पेन्सिल फिरवा आणि पाठवा. आणि हे आपल्या दोघीतच राहू द्या. काडी आत्ता कुठं ठेवली आहे?

तुमची
स्वप्नाली

•

नेकनूर
२४ एप्रिल

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

काडी तुळशीपाशी ठेवली व्हती. देवाशेजारी बरं राहील म्हनून. वरून तीन टाइम पाणी. तुझं पत्र वाचलं आन पळत गेले, तर दोन पानं पापडावानी झालती. काडी उचलली. सगळं घर फिरले. सैपाकघर तापतंय, माजघरात उजेड न्हाई, माडी तर भट्टीच. सावली, उजेड आन गारवा तिन्ही असलेली जागा घरात एकच निघाली, आमच्या सभापतींची बैठक. तिथं मोठा कूलर हाय.

नेऊन ठेवली कूलरपाशी. मग बघितलं, वारं सरळ काडीवर जायलंय, ती हलायली. कूलर भिंतीकडं फिरवला. झालं, दहा वाजता कार्यकर्ते आले आन घामाघूम. तो बंकट, जो सभापतींची पत्रकं वाटतो, टॉवेलनं वारा घेत घेत इचारायला, वहिनी, कूलरला काय झालं? मी म्हनलं, ह्या रोपाला काय करू नगा, हे घरातली उष्णता वढून घेतं. आता बोलून तर गेले. पण आमच्या सभापतींना ते इतकं पटलं की येईल त्या माणसाला तेच सांगायलेत. परवा तर तलाठ्याला सांगितलं की त्यांनी ह्याचा अभ्यास केलाय.

आन आता खरी बातमी. नवीन पान आलंय. माझ्या करंगळीच्या नखाएवढं. मी बैठकीत एकटीच व्हते, फुगडीची एक गिरकी घेतली. वळून बघते तर दारात हनुमान. काय बोलला न्हाई, बाहीर गेला आन येताना कुठून तरी एक लाकडी तिवई आणली. आता रोज डेअरीवरून आला की मातीत बोट खुपसून वल बघतो, मगच पाणी देतो. त्याला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई बरं का. उगं नाद म्हनून करतो.

पानाचा कागद सोबत हाय. जुन्या काडीवरची दोन पानं बी काढलीत.

तुझी
छबुबाई

•

धारूर
३० एप्रिल

ती. मावशींना नमस्कार.

कागद उशाखाली ठेवलाय. नाकापाशी धरला तर दुधाचा वास येतो, म्हणजे पेन्सिल कुणी फिरवली ते मला कळलं. तुम्ही म्हणता त्यांना काही माहीत नाही, मी म्हणते बरं.

आमच्याकडं जरा गडबड आहे. माजलगावकडून आठवं स्थळ आलंय आणि नानांना ते पसंत पडायला लागलंय, कारण ते लोक उत्तर मागायला रोज फोन करतात. मी नानांना म्हटलं मृगापर्यंत थांबा. ते म्हणाले, लग्नाचा आणि मृगाचा काय संबंध, पेरणी करायची आहे का? मी मान खाली घालून डबे पुसत बसले.

एक विचारू का? ते खरंच बोलत नाहीत का? त्या दिवशी आमच्याकडं फरशीकडं बघत होते, एवढं बघितलं की आईनं नंतर फरशी पुसून घेतली. मला बडबड्या माणसाची हौस नाही. पण वेळ आली तर तोंड उघडतील का, एवढं मला कळायला हवं.

पुढच्या पानाची वाट बघते.

तुमची
स्वप्नाली

•

नेकनूर
१४ मे

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

इकडं सगळं झकास. रोप लई जोरात हाय. पाहुण्यांचा राबता व्हता म्हनून दोन आठवडे लिहायला झालं न्हाई. पानांच्या जोडीचा कागद पाठवलाय, बघ कशी सारखी पानं हायेत, मापात कापल्यावानी. हनुमान बरा हाय. आमचे सभापती बरे हायेत. ऊन लई हाय.

छबुबाई

•

धारूर
१७ मे

ती. मावशींना नमस्कार.

तुमच्या पत्रात एकही गिरकी नाही, बंकट नाही, कूलर नाही. तेव्हाच मला शंका आली.

मावशी, पिलियाची पानं जोडीनं समोरासमोर येतात. पण या पट्ट्यांच्या पिलियाच्या जोडीतलं एक पान नेहमी थोडं मोठं असतं. मी तीन वर्षं हीच रोपं पुसतेय, बरोबरीची जोडी मला अजून दिसली नाही. तुमच्या पहिल्या कागदावरही तसंच होतं. या कागदावरची दोन्ही पानं एकाच मापाची आहेत आणि कागदाला दुधाचा वासही नाही.

रोपाला काय झालं ते लिहा. मी रागावले नाही. म्हणजे रोपासाठी नाही. खोट्या कागदासाठी थोडी रागावले आहे. नानांनी माजलगावच्या लोकांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंय.

स्वप्नाली

•

नेकनूर
२० मे

चि. स्वप्नाली,

रोप मेलं. मी खोटं पान काढलं, अंदाजानं, भाकरीच्या पिठाच्या डब्यावर कागद ठेवून. तुझं पत्र हनुमानला वाचून दाखवलं. तो म्हनला, खरं लिही. न्हाई म्हनली तर न्हाई म्हनू दे. म्हनून सगळं लिहिते. आन पहिलं खरं हे, की त्याला मी पहिल्या दिवशीच सांगितलतं. माझ्या पोटात काय राहात न्हाई, सुग्रीवच्या राहतं.

सात मेला आमच्याकडं जिल्ह्याचे मोठे पुढारी यायचे व्हते. आमच्या सभापतींना जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे. हल्ली सत्काराला हार-तुरे देत न्हाईत, शाल, नारळ आन एक रोपटं देतात. रोपटं आणायचा जिम्मा बंकटचा. बंकट इसरला. हनुमान डेअरीवर, मी आत चाळीस माणसांच्या भाकरीत. चहाचा ट्रे घेऊन बाहीर आले तर काय बघते, आमचे सभापती आन ते साहेब दोघं मिळून माझा पिलिया धरून हसायलेत आन फटाफट फोटू निघायलेत. बंकटनं कोपऱ्यातलं उचलून दिलतं. एवढ्या माणसांत काय म्हनू, माझ्या होणाऱ्या सुनंचं हाय म्हनू? कोपऱ्यात रिकामी तिवई, आन साहेबाचा ड्रायव्हर रोप घेऊन चालला. गाड्या गेल्या.

बारा वाजता हनुमान आला. त्यानं पहिलं कोपऱ्याकडं बघितलं. मी रडतच सांगितलं. पाणी बी पिला न्हाई, गाडीला किक मारली आन गेला.

साहेबांची पुढची सभा पालीला व्हती, धरणाकडं जायच्या वाटंला मांडव. हा सरळ इस्टेजवर चढला. पुढचं मला पालीच्या लोकांनी सांगितलं, कारण माईक चालू व्हता आन अख्ख्या पालीनं आईकलं. माझं पोरगं, जे पोह्याला बी नगं म्हनायला लाजतं, ते त्या माईकपुढं म्हनलं, "साहेब, सकाळी नेकनूरला दिलेलं रोप परत द्या. ते आमचं न्हाई. एकीनं इतबारानं आमच्याकडं ठिवलंय."

लोक हसले म्हनं. साहेब बी हसले, मग त्यांना आठवंना रोप कुठं हाय. ड्रायव्हरनं गाडीची डिकी उघडली. आत दिवसभरात मिळालेली अकरा रोपटी, दुपारचं मेचं ऊन, डिकी बंद. सगळी शिजलेली. हनुमाननं आपलं वळखलं, ते शर्टाच्या आत धरून आणलं. आमी दोघांनी पाच दिवस केलं काय काय. काडी बुडापासून कुजली.

सत्काराची वस्तू भर सभेत परत मागितली म्हनून साहेब नाराज झालेत, तिकिटाचं आता अवघड हाय. आमचे सभापती हनुमानशी बोलत न्हाईत. तुझं नाव अजून कुणाला सांगितलं न्हाई. ते म्हनतात, एका डब्यासाठी पोरानं माझी इज्जत घालवली. हनुमान आईकून घेतो आन डेअरीवर जातो.

तू माझ्यावर इतबार ठेवलास आन मी आधी रोप सांभाळलं न्हाई, वर खोटं पाठवलं. तू माजलगावला हो म्हन, मी काय बी वाईट मानायची न्हाई. पण मला लई वाईट वाटंल, ते बी खरंच लिहिते. तुझी पत्रं येणार न्हाईत, ह्याचंच जास्ती वाटंल.

छबुबाई

•

धारूर
२३ मे

ती. आत्याबाईंना साष्टांग नमस्कार.

भेंडीवाल्या मावशीची बहीण पालीला दिलीय. दोन आठवड्यांपूर्वी मावशी बाजारात सांगत होती की एक येडं पोरगं भर सभेत इस्टेजवर चढलं आणि साहेबांकडं कुंडी मागायला लागलं. आम्ही सगळ्याजणी हसलो. मी तर डबे सांडेपर्यंत हसले. नंतर आठवडाभर कुणी उदास दिसलं की मी तिला तीच गोष्ट सांगून हसवत होते, अगदी आवाज काढून, हातवारे करून.

काल तुमचं पत्र वाचता वाचता मी त्या माईकपाशी आले आणि मला कळलं की मी कुणाला हसत होते. डब्यांच्या मधेच बसले. भेंडीवाल्या मावशीनं विचारलं, कुणी गेलं का गं? मी म्हटलं, नाही मावशी, ते येडं पोरगं माझं आहे. मग मी रडले आणि ती हसली, मग ती रडली आणि मी हसले, गिऱ्हाईक आमच्याकडं बघून पुढं निघून गेलं.

मी मृगाची अट घातली होती. ती मीच मोडते. काडी कुठंही मरते, माझ्याही किती मेल्यात, मी घरी कुणाला सांगत नाही. मला भीती होती ती वेगळीच. माझी म्हणून एखादी वस्तू त्या घरात असेल आणि उद्या कुणाला ती लागली, तर कुणी तोंड उघडेल का, ही. त्याचं उत्तर सगळ्या पालीनं ऐकलंय.

आज सकाळी नानांना सांगितलं. ते म्हणाले, मग माजलगावच्यांना काय सांगू? मी म्हटलं, सांगा की मुलीनं नेकनूरला हो म्हटलं. ते जरा वेळ पेपर उलटा धरून बसले आणि मग आईला म्हणाले, गोड कर काहीतरी.

खोट्या पानाचं विसरा. पिठाच्या डब्यावर कागद ठेवून माझ्यासाठी पान काढणारी बाई मला शोधून सापडली नसती. सभापती मामांना आता सगळं सांगून टाका. आणि हे पत्र वाचून झालं की ज्यांच्याकडं द्यायचं त्यांच्याकडं द्या. पुढचं उत्तर मला त्यांच्या हातचं पाहिजे. चार ओळी चालतील.

तुमची
स्वप्नाली

•

धारूर स्टँड
२७ मे

स्वप्नाली यांना नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई, चुकलं तर हसा.

तुमचं पत्र आलं तवा आई भाकरी थापत व्हती. पहिल्या वळीत मावशीच्या जागी आत्याबाई, सासूला म्हनतात ते, वाचलं आन परातीपाशी खालीच बसली. भाकरी करपली तरी उठंना, नुसतं तेवढ्या शब्दावर बोट फिरवायली. मला वाटलं तुमी न्हाई म्हनलात. मी बाहीर जाऊन गाडी पुसत बसलो. एकच आरसा लई वेळ पुसला.

मग दादांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, पत्र घेतलं आन बैठकीत सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. काडी चोरल्याचं त्यांना तवाच कळलं, आईनंच सांगून टाकलं. मग बंकटला म्हनले, उद्यापासून तू ह्या घरातली कुठलीच वस्तू उचलायची न्हाई, खुर्ची बी न्हाई. मग माझ्याकडं बघितलं, अठरा दिवसांनी पहिल्यांदा, आन इचारलं की चाळीस डब्याला अंगणातली किती फरशी काढावी लागंल. तिकिटाचं नाव काढलं न्हाई. काल दिवसभर आमी बापलेकांनी मिळून उत्तरेच्या भिंतीकडली सगळी फरशी काढली. खालची माती अजून काळी हाय. तिथं दादांनी सोताच्या हातानं लिंबाचं रोप लावलं. आजूबाजूचे लोक जत्रा भरल्यावानी बघायलेते.

मी तुम्हाला इचारायला बारा प्रश्न लिहून काढले. त्यातले तीन रोपांचे हायेत. सावलीची जाळी हिरवी घ्यावी का काळी, टेंपोत डबे उभे राहतील का आडवे, आन त्या धुरळा उडवणाऱ्याला वेगळं ठेवावं का. बाकीचे नऊ तुमच्याबद्दल हायेत. ते लिहायला घेतले तर एका प्रश्नाला तीन कागद गेले, आन तरी नीट जमंना.

म्हनून हे पत्र सुग्रीव मामाजवळ दिलं न्हाई. सकाळच्या गाडीनं मीच आलोय. चिठ्ठी भेंडीवाल्या मावशीच्या हातून देतोय, त्यांना सगळं आधीच म्हाईत दिसतंय. तुमी हे वाचायलात तवा मी तुमच्यापासून दहा पावलांवर उभा हाय. आज फरशीकडं बघत न्हाई.

मान वर करा.

हनुमान